पॅराग्लायडिंगचा पहिला धडा: देवगडच्या पुळणीवरचा एक दिवस

पॅराग्लायडिंग शिकायला निघालेल्या माणसाच्या मनात साधारणपणे एकच चित्र असते: कड्यावरून धावत जायचे, पाय जमिनीवरून सुटायचे आणि मग खाली पसरलेला समुद्र पाहत तरंगत राहायचे. पहिल्या दिवसाचा या चित्राशी फार थोडा संबंध असतो, हे आधीच सांगितलेले बरे. पहिल्या धड्याचा बहुतेक वेळ वाळूत उभे राहून डोक्यावरच्या कापडाशी झटापट करण्यात आणि वारा कुठून, किती येतो आहे हे ओळखण्यात जातो. प्रत्यक्ष उड्डाण झालेच तर ते दिवस कलताना होते आणि ते सेकंदांत मोजावे लागते. मला त्या सेकंदांपेक्षा आधीचे वाळूतले तासच अधिक मोलाचे वाटले, त्यामुळे या लेखात त्यांनाच जास्त जागा मिळणार आहे.

मी देवगड तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. मालवण आणि तारकर्ली येथे स्कूबा डायव्हिंग आणि पॅरासेलिंग आता नित्याचे झाले आहे, त्यामुळे मी उडायला शिकणार असे कळल्यावर वाडीतल्या बहुतेकांनी ‘बोटीला दोरी बांधून वर सोडतात, तेच ना?’ असे विचारले. ते पॅरासेलिंग, त्यात माणूस नुसता बसलेला असतो आणि ओढण्याचे काम बोट करते. पॅराग्लायडरला दोरी नसते आणि इंजिनही नसते. कापडाचा एक पंख, त्याला खाली लटकलेला माणूस, आणि पंख हवेतून सतत पुढे व किंचित खाली सरकत राहतो म्हणून मिळणारी उचल, एवढेच त्याचे भांडवल असते. डोंगरउतारावरून धावत पॅराशूट उघडून झेप घेण्याचा हा प्रकार फ्रान्समधील मिउसी या गावी १९७८ साली सुरू झाला आणि तेथून जगभर पसरला. महाराष्ट्रात या खेळाचे नाव घेतले की पुण्याजवळचे कामशेत आठवते, कारण गवताळ टेकड्या आणि त्यांना सामोरा येणारा वारा या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र मिळतात. कोकणात ही सोय सहज सापडत नाही. घाटावरचे एक प्रशिक्षक थंडीच्या दिवसांत काही काळ आमच्या किनाऱ्यावर मुक्कामाला येतात आणि मोजक्या लोकांना शिकवतात, ही माहिती मला एका जुन्या विद्यार्थ्याकडून मिळाली.

येथे एक फरक नीट समजून घ्यावा. पर्यटनाच्या ठिकाणी जे उड्डाण विकले जाते ते बहुधा टँडम असते: वैमानिक मागे, आपण पुढे, आणि आपल्याकडून अपेक्षा एवढीच की सांगितले की धावावे. त्याला धडा म्हणता येत नाही. शिकण्यासाठी जाणार असाल तर फोनवर पहिलाच प्रश्न हा विचारावा, की पहिल्या दिवशी पंख माझ्या एकट्याच्या हातात असेल का. उत्तर ‘हो, पण जमिनीवर’ असे आले तर माणूस शिकवणारा आहे, असे खुशाल समजावे.

प्रशिक्षकांनी मला उलट बरेच प्रश्न विचारले. वजन किती, पाठीचे किंवा गुडघ्याचे दुखणे आहे का, हृदयविकार किंवा फिट येण्याचा त्रास आहे का, अलीकडे एखादे हाड मोडले होते का. वजनाचा प्रश्न सौजन्याचा भाग नव्हे. प्रत्येक पंख ठरावीक वजनाच्या मर्यादेतच चालतो, आणि त्या वजनात माणसासोबत पंख, हार्नेस (अंगावर चढवायचे पट्ट्यांचे आसन), राखीव पॅराशूट, हेल्मेट असे सगळे मिळून दहा-बारा किलो धरावे लागतात. मर्यादेपेक्षा हलका माणूस मोठ्या पंखाखाली आला तर पंख मंद आणि ढिला वागतो, वाऱ्याविरुद्ध सरकायला त्याला जड जाते. जड माणूस लहान पंखाखाली आला तर सगळेच वेगाने घडते आणि नवख्याला ते झेपत नाही. तेव्हा वजन सांगताना दोन-चार किलो कमी करून सांगण्याची आपली सवय येथे उपयोगाची नाही. कपड्यांबद्दलची सूचना साधी होती: घोट्यापर्यंत येणारे बूट, पूर्ण पायघोळ पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पातळ हातमोजे. जांभ्याच्या कातळावर गुडघा घासला गेला तर काय होते हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

तारीख ठरवताना मात्र गंमत झाली. मी सुट्टीचा रविवार सुचवला आणि प्रशिक्षकांनी त्या दिवशीची तिथी विचारली. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. घाटावरच्या माणसाने हे गणित येथल्या कोळ्यांकडून उचललेले पाहून मला बरे वाटले. रविवारी नवमी होती. म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ पावणेसात-सातच्या सुमारास आणि ओहोटीचा तळ दुपारी एकच्या आसपास. पुळण दिवसभर मोकळी मिळणार होती. शिवाय ते भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस होते, त्यामुळे पाणी फार आत ओढले जाणार नव्हते, तसे संध्याकाळी सुरूच्या मुळांपर्यंतही चढणार नव्हते. पॅराग्लायडर शिकणाऱ्याला समुद्राची भीती उंचीमुळे वाटायला हवी असे नाही. ती लाटेमुळे वाटायला हवी. उतरताना पंख लाटेत पडला तर त्याच्या कप्प्यांत पाणी भरते, दोऱ्या पायांत गुंततात, आणि माघारी जाणारी लाट पंखासह माणसाला ओढू लागते. गुडघाभर पाण्यातही हे घडू शकते. म्हणून भरतीच्या वेळी अरुंद झालेल्या पुळणीवर धडा घेऊ नये हा नियम त्यांनी पहिल्याच संभाषणात सांगून टाकला.

ठरलेल्या दिवशी आठ वाजता आम्ही देवगड आणि कुणकेश्वर यांच्यामधल्या एका पुळणीवर जमलो. माझ्याखेरीज शिकणारी दोन तरुण मुले होती. ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला आधी कळवलेले होते. पंख मात्र अजून पिशवीतच होते आणि ते दहाच्या पुढेपर्यंत पिशवीतच राहिले, कारण वारा सड्यावरून, म्हणजे किनाऱ्यामागच्या कातळी पठारावरून, समुद्राकडे जात होता. हे मतलई वारे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, जमिनीवरची थंड हवा समुद्राकडे वाहते आणि सकाळी ऊन वर येईपर्यंत हा प्रवाह टिकतो. आमच्या होड्या पूर्वी शिडांवर चालत, तेव्हा पहाटे याच वाऱ्यावर त्या बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत येत. मी हे वर्गात दरवर्षी शिकवते, फळ्यावर बाण काढते, पाण्याची विशिष्ट उष्णता जमिनीपेक्षा जास्त असते हे सांगते. तरीही मतलई वाऱ्यात पुळणीवर उभे राहून तो शिकवण्यासारखा नाही हे कसे ओळखायचे, हे मला त्या सकाळी नव्याने कळले. सड्यावरून घरंगळत खाली येणारी हवा उताराच्या समुद्राकडील बाजूला वेडीवाकडी गरगरते. सुरूच्या झाडांचे शेंडे एका दिशेला झुकलेले आणि त्याच वेळी वाळूवर बांबूला बांधलेली कापडी पट्टी भलतीकडे फडफडते आहे, असे आम्ही कितीतरी वेळ पाहत बसलो. समुद्राकडे तोंड करून धावणाऱ्याला हा वारा पाठीमागून लागतो, आणि पाठीमागच्या वाऱ्यात पंख उचलला जात नाही.

या बसून राहण्याचा कंटाळा येतो, आणि तो यायचाच, हे मनाशी धरून जावे. त्या वेळेत आम्हाला पंख म्हणजे काय ते सांगितले गेले. नायलॉनचे दोन थर, मध्ये उभ्या पडद्यांनी पाडलेले अनेक कप्पे, पुढच्या काठाला कप्प्यांची तोंडे उघडी, मागचा काठ शिवून बंद. पुढून हवा आत शिरते, बाहेर जायला वाट नसते, त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा वाढतो आणि कापडाला पंखाचा आकार येतो. हवेतून पुढे जाणे थांबले की आकारही गेला. माझ्या वजनासाठी आणलेला पंख साधारण पंचवीस चौरस मीटरचा होता आणि त्याचे वजन पाच किलोच्या आसपास होते. त्याच्या पातळ दोऱ्या खाली रायझर नावाच्या पट्ट्यांत एकत्र येतात आणि रायझर हार्नेसच्या दोन कॅराबिनरना, म्हणजे उघडझाप करणाऱ्या कड्यांना, अडकवले जातात. मागच्या काठाच्या दोऱ्या वेगळ्या निघून दोन हातांतल्या दोन मुठींत येतात; त्यांना ब्रेक म्हणतात. उजवा ब्रेक ओढला की पंखाची उजवी बाजू मंदावते आणि पंख उजवीकडे वळतो. दोन्ही एकदम ओढले की सगळाच पंख मंदावतो. प्रमाणाबाहेर ओढले तर पंखाची उचलच संपते.

नियमांपैकी दोन माझ्या कायमचे लक्षात राहिले. हेल्मेट पंखाला अडकवून घेण्याच्या आधी चढवायचे आणि पंख सुटा केल्यानंतरच काढायचे. दुसरे म्हणजे, मांड्यांचे पट्टे सर्वांत आधी लावायचे आणि सर्वांत शेवटी सोडायचे. मांड्यांचे पट्टे न लावता उडी घेतलेला माणूस हार्नेसमधून खाली घसरतो, आणि हा अपघात अनुभवी लोकांच्या बाबतीतही झालेला आहे, कारण मध्येच कोणी हाक मारते, फोन वाजतो आणि क्रम तुटतो. म्हणून क्रम तुटला की तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

पुळणीवर त्या दिवशी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचे मोठे जाळे, लागली होती. दोर ओढणाऱ्यांपैकी एक वयस्कर काका अधूनमधून आमच्याकडे येऊन बसत. साडेनऊला आमच्यातल्या एका मुलाने ‘आता सुरू करू या का’ असे प्रशिक्षकांना विचारले तेव्हा काकांनीच परस्पर उत्तर दिले: ‘वारो अजून फिराक नाय. अकराक येतलो. तवसर बसा.’ प्रशिक्षकांनी वारा मोजण्याचे यंत्र खिशात परत ठेवले. साडेदहाला पट्टी निर्जीव लोंबू लागली, अकराच्या आधीच पश्चिमेकडून पाण्यावर बारीक सुरकुत्या दिसल्या आणि थोड्याच वेळात वायव्येचा खारा वारा गालावर एकसारखा लागू लागला. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला वाटेत झाड, घर, टेकाड काही आडवे येत नाही, त्यामुळे तो सलग आणि गुळगुळीत असतो. नवख्यासाठी किनाऱ्याचा खरा फायदा हाच. टेकड्यांच्या प्रदेशात इतका सरळ वारा मिळायला नशीब लागते.

आता जमिनीवरच्या सरावाविषयी सविस्तर लिहिते, कारण पहिला धडा म्हणजे प्रामुख्याने हाच. पंख वाळूवर कमानीसारखा पसरतात, उघडी तोंडे वरच्या बाजूला आणि मागचा काठ वारा येतो त्या बाजूला. आपण वाऱ्याकडे पाठ आणि पंखाकडे तोंड करून उभे राहतो. रायझर आपल्यासमोर एकमेकांना ओलांडून गेलेले असतात, म्हणजे पुढे वळून धावताना ते सरळ होतात. पुढच्या दोऱ्यांचे रायझर हातात घेऊन एक पाऊल मागे टाकले की कप्पे भरू लागतात, कापड फुगते आणि पंख वाळूवरून उठून डोक्यावर येतो. हे घडायला दोन-तीन सेकंद पुरतात आणि त्या दोन-तीन सेकंदांत अंगावर येणाऱ्या ओढीची कल्पना वाचून येत नाही. पंख उठत असताना ओढ सर्वांत जास्त असते. तो डोक्यावर स्थिर झाला की ओढ कमी होऊन नुसती वरची उचल उरते. त्यामुळे नवखा माणूस नेमका चुकीच्या क्षणी मागे रेलतो किंवा घाबरून हात खाली ओढतो, आणि ब्रेक लागल्यामुळे पंख अर्ध्या वाटेत अडकून त्याला वाळूवरून फरफटत नेतो. हे होणारच असे धरून प्रशिक्षक सुरुवातीला आपल्या हार्नेसला धरून उभे असतात. फरफट सुरू झाली तर पंखाकडे धावत जायचे आणि मागचे रायझर जोराने ओढायचे, हे आधी कोरड्यानेच करून घेतले जाते. शरीराची स्वाभाविक इच्छा पंखापासून दूर पळण्याची असते, त्यामुळे हा सराव वाटतो तितका निरर्थक नाही.

पंख डोक्यावर आला की खरे काम सुरू होते. तो तेथे गप्प उभा राहत नाही. डावीकडे झुकला तर आपणही डावीकडे, त्याच्याखाली चालत जायचे आणि वर राहिलेल्या बाजूचा ब्रेक किंचित लावायचा. पंखाकडे तोंड करून उभे असताना उजव्या हातातला ब्रेक डोळ्यांना डावीकडे दिसणाऱ्या भागाला लागतो, त्यामुळे डोके विचार करत बसले की हात उशिरा चालतात, आणि तोवर पंख वाळूवर लवंडलेला असतो. विचार करून हे जमत नाही. मला लवंडलेल्या पंखाची कारणमीमांसा लगेच सांगता येत होती, दोन मुलांपैकी एकाला ती मुळीच सांगता येत नव्हती, आणि पंख त्याच्याच डोक्यावर जास्त वेळ टिकत होता. तो आचऱ्याकडचा, वडिलांबरोबर होडीवर जाणारा मुलगा होता.

रापणीचे काका आता काम आटोपून आमच्याजवळच उभे होते. त्यांनी माझे बराच वेळ पाहिले आणि मग न राहवून म्हणाले, ‘बाई, शिडात वारो भरलो काय दोरयेक सारखो हात लावचो नाय. तुमी सारकी वडतास म्हणान तां खाली बसता.’ प्रशिक्षक हसले आणि म्हणाले, ‘काका, माझी फी तुम्हालाच द्यावी लागणार.’ ब्रेक हातात असतात म्हणून आपण ते सतत वापरतो. पंखाला बहुतेक वेळा त्याची गरज नसते. हात खांद्याच्या वर, मुठी सैल, आणि पायांनी त्याच्याखाली राहणे, एवढ्यावर तो पुष्कळ वेळ उभा राहतो. शिडाची ती उपमा मला सरांच्या सूचनांपेक्षा लवकर लागू पडली. त्यानंतर पंख डोक्यावर ठेवून मी सुरूच्या बनाला समांतर पन्नासेक पावले चालत गेले. बनाच्या फार जवळ मात्र जाऊ दिले जात नाही, कारण झाडांना आपटणारी हवा तेथे वर-खाली होऊ लागते.

दीडच्या सुमारास समुद्रावर जागोजाग पांढरे दिसू लागले. लाटांचे माथे क्वचित कोठे फुटू लागतात तेव्हा वारा साधारण ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास असतो आणि सगळीकडे पांढरा फेस पसरला की तो विसाच्या पुढे गेलेला असतो. नवख्याने तेथे थांबावे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: बारा किलोमीटरचा वारा अठरा झाला तर वेग दीडपट होतो, पण पंखावरचा जोर सव्वादोन पट होतो. हे समीकरण मला पाठ होते, त्याचा अर्थ मात्र दुपारी हार्नेसच्या पट्ट्यांनी समजावला. काकांनी जाता जाता ‘आता पांढरा दिसाक लागला. पुरे करा’ असे सांगितले आणि प्रशिक्षकांनी यंत्र न काढताच पंख गुंडाळायला लावले. देवगडच्या सड्यावर पवनचक्क्या उगाच उभ्या केल्या गेल्या नाहीत. दुपारचा वारा येथे कामाचा असतो, फक्त शिकणाऱ्याच्या कामाचा नसतो.

जेवण आणि मधले दोन-अडीच तास सावलीत गेले. या वेळात उताराचे गणित झाले आणि ते मला आवडले. शिकाऊ पंख हवेत ताशी पस्तीस किलोमीटरच्या आसपास वेगाने जातो आणि एक मीटर खाली येताना साधारण आठ मीटर पुढे सरकतो. वीस मीटर उंचीवरून निघालो तर शांत हवेत एकशे साठ मीटर अंतर आणि सोळा-सतरा सेकंद वेळ मिळेल. समोरून ताशी पंधराचा वारा असेल तर हवेतला वेग तोच, पण जमिनीवरचा वेग वीस. त्यामुळे तेवढ्याच वेळात आपण नव्वद मीटरच पुढे जाऊ. तोच वारा पाठीमागून घेतला तर जमिनीवरचा वेग पन्नास होतो आणि त्या वेगाने वाळूवर पाय टेकवणे म्हणजे पाय मोडून घेणे. उतरताना तोंड वाऱ्याकडे का ठेवायचे याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

साडेचारला वारा उतरला. पुळणीच्या दक्षिण टोकाला एक टेकाड वायव्येकडे तोंड करून उभे आहे. त्याच्या अर्ध्यावर, वाळूपासून साधारण वीस मीटर उंचीवर, गवताचा एक तुकडा आहे. कातळावर पंख पसरत नाहीत, कारण जांभ्याच्या धारदार भोकांत दोऱ्या अडकतात आणि कापड फाटते. गवतही सुकून काट्यासारखे झालेले असल्यामुळे त्यावर ताडपत्री अंथरली होती. चढून जाण्यापूर्वी आम्हाला उतरण्याची जागा पायी चालायला लावली: ओढून ठेवलेल्या होड्या कुठे आहेत, रापणीचे दोर कुठे वाळत आहेत, रस्त्याकडची विजेची तार कुठून जाते, पाणी आता कुठवर आले आहे. तार वरून दिसत नाही, खांब दिसतात. म्हणून खांब मोजून ठेवायचे.

हेल्मेटला वॉकीटॉकी बांधलेला असतो, पण तो फक्त ऐकण्यासाठी. दोन्ही हात ब्रेकमध्ये गुंतलेले असल्यामुळे उत्तर द्यायचे ते पाय हलवून. धाव घेण्यापूर्वी तपासणी मोठ्याने म्हणवून घेतली गेली: हेल्मेट, मांड्यांचे पट्टे, छातीचा पट्टा, कॅराबिनर, दोऱ्या मोकळ्या, वारा समोरून, पुढची जागा रिकामी. मग पंख वर घेणे, तो डोक्यावर आला आहे हे पाहून वळणे, आणि धावणे. धावण्याबद्दल एकच गोष्ट सांगते. पाय हलके होऊ लागतात तेव्हा हार्नेसमध्ये बसून घेण्याची अनावर इच्छा होते. बसलो की पंखावर भार अवेळी पडतो, पंख अजून पुरेशा वेगात आलेला नसतो आणि आपण उतारावर आपटतो. म्हणून पायाखाली जमीन नसली तरी काही पावले हवेत धावत राहायचे असते. लांबून हे हास्यास्पद दिसते, आणि शिकवणारे त्याचीच वाट पाहत असतात.

उड्डाणाचे वर्णन फारसे मोठे होणार नाही. मांड्यांखालचे पट्टे एकदम ताणले गेले, बुटांना लागणारे गवत लागेनासे झाले आणि दोऱ्यांमधून जाणाऱ्या हवेचा बारीक सूर ऐकू येऊ लागला. सरांचा आवाज आला, ‘हात वर. अजून वर. छान, काही करू नका.’ काही न करणे हे त्या क्षणी सर्वांत अवघड काम होते. मग ‘उजवा थोडा’, मग ‘सोडा’. समुद्राकडे पाहायला वेळ मिळाला नाही. मी पूर्ण वेळ वाळूवर उभ्या असलेल्या सहायकाच्या लाल टोपीकडे पाहत होते, कारण तसेच सांगितलेले होते. जमीन जवळ आली की तिच्याकडे टक लावून पाहू नये, दूर पाहावे, नाहीतर हात लवकर खाली येतात आणि माणूस उंचावरून धपकन पडतो. पाय वाळूपासून मीटरभर उरले तेव्हा ‘फ्लेअर’ हा शब्द ऐकू आला. दोन्ही ब्रेक पूर्ण खाली ओढले, पंख मंदावला, पावलांखाली ओली वाळू आली, आणि तीन-चार पावले धावून मी उभी राहिले. पंख मागे पडायच्या आधी वळून त्याला पाण्यापासून उलट बाजूला पाडायचे असते, तेही झाले. आचऱ्याचा मुलगा माझ्यानंतर उतरला आणि माझ्यापेक्षा बराच पुढे, नेमका टोपीजवळ उतरला.

उतरल्यावर दिवस संपत नाही. पुळणीवर वापरलेल्या पंखाच्या मागच्या काठात वाळू साठते. ती तशीच राहिली तर पंख उठताना मागून जड होतो आणि कापडाची शिवणही झिजते. म्हणून दोघांनी मागचा काठ उंच धरून, कप्प्यांची तोंडे खाली करून, वाळू झटकायची. मीठ लागलेल्या दोऱ्या गोड्या पाण्याने पुसायच्या, आणि पंख सावलीत वाळवायचा, कारण उन्हाने नायलॉनची ताकद जाते. या कामाला दिवसातल्या एकूण उड्डाणांपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागला. दुसऱ्या दिवशी दंड आणि मांड्या दुखतात. खांदे त्याहून जास्त, कारण हात वर धरून ठेवण्याची सवय आपल्याला कोठे असते. ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांनी हार्नेस घालून वाळूत चालण्याचाच विचार आधी करावा, उडण्याचा नंतर.

हा खेळ शिकण्यासाठी कोकणात यायचे असेल तर पावसाळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे वादळी आठवडे सोडावेत. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात सकाळ-संध्याकाळचे वारे सर्वांत भरवशाचे असतात. मार्चनंतर दुपारचा वारा लवकर चढतो आणि शिकण्यासाठी मिळणारा वेळ आखडत जातो. एका दिवसात कोणी स्वतंत्रपणे उडू लागत नाही. स्वतःच्या निर्णयाने, रेडिओशिवाय उडण्यापर्यंत पोहोचायला अनेक दिवसांचा सराव लागतो, आणि त्यातला कोणता दिवस वाऱ्याअभावी वा वाऱ्यापायी फुकट जाईल हे कोणालाच सांगता येत नाही. वेळेचे वचन देणाऱ्यापासून दूर राहिलेले चांगले.

प्रत्येक शिकणाऱ्याला एक नोंदवही मिळते. तीत तारीख, जागा, वाऱ्याची दिशा आणि वेग, पंखाचा प्रकार, उड्डाणे आणि शेरा असे रकाने असतात. माझ्या शेऱ्याच्या रकान्यात सरांनी ‘हात शांत झाले, धाव अपुरी’ असे लिहून सही केली. त्यामुळे पुढच्या धड्याची सकाळ त्यांनी टेकाडाच्या उतारावर नुसते धावण्यासाठी राखून ठेवली आहे. पंख त्या वेळी जीपमध्येच राहणार आहे.